सॉल्ट लेकच्या दप्तरात एकोणीस फेऱ्या

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली. फेरफार, कडईपत्रकं, मोडीतले जुने उतारे यांतच दिवस गेले. 2019 ला निवृत्त झाले तरी जुना कागद दिसला की हात आपोआप तिकडे जातो. त्यामुळे मुलगा अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीजवळ सँडीला राहायला गेला, तेव्हा तिथे जाऊन काय करायचं हे माझं आधीच ठरलं होतं. 2022 च्या पावसाळ्यात पुण्याच्या कॅम्पातल्या जुन्या चर्चांची माहिती गोळा करत असताना एका यादीत एक नोंद दिसली होती. मुंबईत 1855 साली छापलेली, मराठी मुलखातल्या लोकांना उद्देशून लिहिलेली एक पुस्तिका, लेखक ह्यू फिंडले. हा माणूस मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतल्या लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती चर्चचा मिशनरी होता आणि पुण्यात राहून गेला होता. पुण्यात जन्म काढून मला हे ठाऊक नव्हतं. स्कॉटलंडचा एक माणूस 1850 च्या दशकात पुण्यात कसा पोचला, त्याला कुणी पाठवलं, त्याने हो का म्हटलं, हे मला बघायचं होतं. पुस्तिकेबद्दल मी स्वतंत्र लिहीन. हा लेख त्या 'हो'चा माग काढण्याबद्दल आहे. परदेशातल्या दप्तरात एकट्याने शिरायची ज्यांना धास्ती वाटते, त्यांच्यासाठी लिहितेय. मलाही फार वाटली होती.

व्हिसाचा अर्ज जुलै 2023 मध्ये भरला. फी 185 डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेपंधरा हजार रुपये. मुलाखतीची तारीख मिळाली ती मार्च 2024 ची. मधले आठ महिने वाया घालवले नाहीत. लॅटर-डे सेंट्स चर्चच्या इतिहास ग्रंथालयाचा कॅटलॉग इंटरनेटवर खुला आहे, पैसे पडत नाहीत, आणि स्कॅन केलेली पुष्कळ कागदपत्रं घरबसल्या दिसतात. रोज दुपारी तासभर मी तेच बघत बसायचे. मुलाखतीत अधिकाऱ्यांनी विचारलं, तिकडे काय करणार? मी म्हटलं, मुलाकडे राहीन आणि ग्रंथालयात जाईन. तीन मिनिटांत झालं. 24 एप्रिलला विमानात बसले.

पहिले तीन आठवडे झोप आणि हवा जमवण्यात गेले. सॉल्ट लेकचं खोरं समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर आहे, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. जूनपासून सुरुवात केली. सँडीहून ट्रॅक्स नावाची लोकल गावात जाते, एका बाजूचं तिकीट अडीच डॉलर. टेंपल स्क्वेअरला उतरलं की दहा मिनिटं चालायचं. त्या चालण्यात या चर्चचं मंदिर लागतं. 2019 च्या डिसेंबरअखेर ते डागडुजीसाठी बंद केलेलं होतं, सगळीकडे क्रेन उभ्या. सून म्हणाली होती, आई, सोबत येऊ का? मी नको म्हटलं, पण दारापाशी पोचल्यावर पाय जड झाले. नणंदेने पुण्याहून फोनवर बजावलं होतं, तिकडे गेलीस की ते तुला धर्मात ओढतील. मी एकोणीस वेळा गेले, एकदाही कुणी माझ्या धर्माचा विषय काढला नाही. पासपोर्ट दाखवला, नाव नोंदवलं, पर्स आणि पाण्याची बाटली लॉकरमध्ये ठेवली. आत फक्त पेन्सिल आणि कोरे कागद. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये मी हेच वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले, त्यामुळे जिवाला एकदम बरं वाटलं.

पहिले चार दिवस मी चुकीच्या जागी शोधत होते. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की हिंदुस्थानात आलेले सगळे मॉर्मन मिशनरी 28 ऑगस्ट 1852 च्या सभेतून निघाले. त्या यादीत फिंडले काही सापडेना. पण ते चार दिवस फुकट गेले असं मी म्हणणार नाही, कारण त्या सभेने मला हलवून सोडलं.

त्या दिवशी सॉल्ट लेकमध्ये खास परिषद भरली होती. गाव वसून जेमतेम पाच वर्षं झाली होती. शंभराच्या आसपास पुरुषांची नावं भर सभेत वाचली गेली, नावापुढे देश. हिंदुस्थान, सयाम (आजचं थायलंड), चीन, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया. पुष्कळांना आपलं नाव येणार हे माहीत नव्हतं. चर्चचे एक पुढारी जॉर्ज ए. स्मिथ यांनी त्या सभेतल्या भाषणात सांगितलं की या कामगिऱ्या फार लांबच्या मुदतीच्या नाहीत, घरापासून दूर राहावं लागेल ते बहुधा तीन ते सात वर्षं. मी ते वाक्य पुनःपुन्हा वाचलं. सात वर्षं म्हणजे फार लांब नव्हे! बायको, मुलं, अर्धवट बांधलेलं घर, पेरलेलं शेत, सगळं टाकून आठ आठवड्यांच्या आत माणसं निघाली. हिंदुस्थानासाठी नऊ आणि सयामसाठी चार, असे तेरा जण ऑक्टोबरमध्ये निघून दक्षिणेच्या वाळवंटी वाटेने कॅलिफोर्नियात गेले. सॅन फ्रान्सिस्कोला जहाजभाड्याचे पैसे मागून जमवले. जानेवारी 1853 च्या अखेरीस 'मान्सून' नावाच्या जहाजात बसले आणि 26 एप्रिलला कलकत्त्याला लागले.

बायबलमध्ये पिशवी-झोळी न घेता जाण्याची जी आज्ञा आहे, ती ही माणसं अक्षरशः पाळत. खिशात पैसा नाही, जिथे कुणी जेवू घालेल तिथे जेवायचं. आपल्याकडे माधुकरी मागून शिकलेली पिढी आम्ही पाहिली आहे, त्यामुळे मला हे परकं वाटलं नाही. पण माधुकरी मागणाऱ्याला घरं ठाऊक असतात, घरांना तो ठाऊक असतो. कलकत्त्याच्या उन्हात उतरलेल्या या माणसांना एकही घर ठाऊक नव्हतं.

त्या तेरांपैकी लीवाय सॅव्हेज यांच्यापाशी मी जास्त रेंगाळले. त्यांचा मुलगा जानेवारी 1851 चा, आणि त्याची आई त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारली. आठ महिन्यांनी सयामसाठी यांचं नाव वाचलं गेलं. पावणेदोन वर्षांचं पोर बहिणीच्या ओटीत घालून ते निघाले. सयाम राहिलं बाजूला, ते ब्रह्मदेशात पोचले, आणि घरी परतले ते 1856 च्या नोव्हेंबरात. मुलगा पाच वर्षं उलटून गेलेला. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी नातवाला नेहमीपेक्षा जास्त वेळ मांडीवर घेऊन बसले.

पाचव्या दिवशी मी मदत मागितली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, तुम्ही तरी करा. टेबलापाशी सत्तरीतल्या एक बाई होत्या, छातीवर काळी नावपट्टी. मी म्हटलं, हा माणूस यादीत नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ते मूळचे कुठले? स्कॉटलंडचे. मग सॉल्ट लेकच्या यादीत कसे असतील, ते ब्रिटनमधूनच गेले असतील. इतकं साधं होतं. फिंडले तेव्हा ब्रिटिश मिशनमध्येच काम करत होते. इटलीच्या मिशनचे प्रमुख लोरेन्झो स्नो यांनी हिंदुस्थानकडे माणसं पाठवायला घेतली होती, त्यांत मुंबईसाठी फिंडले निवडले गेले. ते सप्टेंबर 1852 मध्ये मुंबईला उतरले, म्हणजे सॉल्ट लेकची मंडळी घरातून बाहेर पडण्याच्याही आधी.

मग 'मिलेनियल स्टार' उघडला. हे या चर्चचं लिव्हरपूलहून निघणारं नियतकालिक. मिशनऱ्यांची पत्रं त्यात छापून येत, फिंडले यांचीही येत. सगळे अंक स्कॅन केलेले आहेत. इथे एक गोष्ट लिहून ठेवा. शोधताना एकच स्पेलिंग टाकून थांबू नका. पुणे Poona असतं तसं Poonah ही असतं, मराठीचं Mahratta, Maratta, Mahrathi काहीही होतं, आणि हिंदुस्थानात दोन ओ असतात. दुसरी गोष्ट तारखांची. तारखेपुढे inst. असेल तर तो चालू महिना, ult. असेल तर मागचा. मी एक घटना पूर्ण महिनाभर पुढे टाकून बसले होते, टिपणं परत लिहावी लागली.



मुंबईत वर्तमानपत्रं आणि पाद्री मंडळी फिंडले यांच्या विरोधात उभी राहिली. ते पुण्याला आले. तेव्हा पुण्याला रेल्वे नव्हती, ती 1858 ला आली. म्हणजे बोरघाट रस्त्यानेच चढले असणार. पुण्यात लष्करी छावणीच्या हद्दीत प्रवचन करायला त्यांना मनाई झाली. छावणी म्हणजे आपला कॅम्प. ज्या रस्त्यांवर मी गेली चाळीस वर्षं खरेदीला जाते, तिथे बोलायला बंदी असलेला हा माणूस हद्दीबाहेर जागा शोधत हिंडत होता. त्याने मराठी शिकायला घेतली. एक लहानशी शाखाही उभी राहिली, तिच्यात मुख्यतः युरोपियन मंडळी. 1856 च्या सुमाराला हिंदुस्थानातलं हे सगळं काम आटोपलंच. हाती लागलेली माणसं थोडी, खर्ची पडलेली वर्षं मात्र पुष्कळ. मला त्या कामाची फलनिष्पत्ती मोजायची नव्हती. बोलावणं आल्यावर माणूस काय लिहितो, कसा निघतो, एवढंच बघायचं होतं, आणि 1852 च्या बाबतीत त्याचा कागद हाती लागत नाही. नावं तोंडी वाचली गेली, होकारही बहुतेक तोंडीच.

त्या काळ्या नावपट्टीच्या बाईंनीच पुढची वाट दाखवली. होकाराचे कागद बघायचे तर तीस वर्षं पुढे या, म्हणाल्या. 1877 ते 1918 या काळातला पत्रव्यवहार तिथे जपलेला आहे. तोवर पद्धत बदलली होती. गावोगावच्या बिशपांकडून, म्हणजे तिथल्या मंडळीच्या प्रमुखांकडून, योग्य माणसांची नावं मागवली जात आणि मग एके दिवशी पोस्टाने पत्र येई. सॉल्ट लेकची पोस्ट पेटी होती 'बॉक्स बी', त्यामुळे 'बॉक्स बी'चं पत्र आलं म्हटलं की सगळ्या गावाला अर्थ कळे. अमुक तारखेला निघायची तयारी ठेवा, तुमचं मत कळवा, आणि उत्तरावर बिशपची सही घ्या. माणूस उत्तर लिही, ते चर्चच्या अध्यक्षांच्या नावाने जाई. त्यानंतर सॉल्ट लेकला यायचं, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद घ्यायचा, प्रमाणपत्र घ्यायचं आणि आगगाडीत बसायचं. खर्च ज्याचा त्याचा. निरोपाच्या कार्यक्रमात गाव वर्गणी काढी.

हे वाचलं आणि मला वाटलं, ही तर आपलीच नस्ती! आवक, शिफारस, शेरा, सही, दिनांक, जावक.

या टप्प्यावर माझी एक फेरी फुकट गेली, ती सांगते म्हणजे तुमची वाचेल. 24 जुलैला बुधवारी मी डबा घेऊन निघाले. गाडीत उभं राहायला जागा नाही. उतरले तर रस्ते माणसांनी भरलेले, जुन्या पद्धतीच्या टोप्या घातलेल्या मुली, घोडे, झाकलेल्या गाड्या. 1847 साली त्या दिवशी या चर्चचे पुढारी ब्रिगहॅम यंग या खोऱ्यात पोचले, म्हणून यूटामध्ये सुट्टी असते. ग्रंथालय बंद. मुलाच्या कंपनीला सुट्टी नव्हती, म्हणून घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. जाण्याआधी त्या राज्याच्या सुट्ट्या बघा, देशाच्या बघून भागत नाही. मी तासभर मिरवणूक पाहिली, अडतीस अंशांत डबा झाडाखाली बसून खाल्ला आणि परत आले.

पत्रांना अकरा दिवस लागले. ज्याची डिजिटल प्रत आहे ते मूळ कागद सहसा हातात देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पडद्यावर मोठं करून वाचायचं. हस्ताक्षराला पहिले दोन दिवस द्या, काही कळलं नाही तरी घाबरू नका. मोडी वाचताना आपण करतो तेच करायचं. एकाच हाताची चार पत्रं घ्यायची, तारीख आणि मायना आधी लावायचा, कारण त्यात काय लिहिलंय हे आपल्याला ठाऊक असतं. त्यातून त्या माणसाचा आर कसा, एस कसा हे कळतं. मग मजकूर आपोआप सुटत जातो.

एक पत्र अजून डोळ्यांपुढे आहे. नाव देत नाही, त्याची पतवंडं असतील. रेघांच्या वहीतून फाडलेलं पान, तीन घड्या, मधल्या घडीवर शाई उडालेली. लिहिणारा शेतकरी. अक्षर जड, प्रत्येक ओळ शेवटाला खाली उतरलेली. पहिल्याच वाक्यात तो म्हणतो की पत्र मिळालं, मी जाईन. नंतर खाली खरी गोष्ट येते. डोक्यावर कर्ज आहे, पीक उभं आहे, बायको बाळंत व्हायची आहे. सुगी होईपर्यंत मुदत मिळाली तर कर्जातलं काही फेडून निघेन. नाही मिळाली तरी निघेन. त्याखाली वेगळ्या, सरावाच्या अक्षरात बिशपचा शेरा, की माणूस सांगतो ते खरं आहे, शिफारस आहे. आणि वर कोपऱ्यात मुख्य कार्यालयातल्या कुणीतरी लिहिलेले दोन-तीन शब्द, की मुदत द्यावी.

त्या कोपऱ्यातल्या शब्दांसाठी मला फार बरं वाटलं. अर्जावर असा एक शेरा मिळावा म्हणून माणसं कचेरीच्या दारात दिवस दिवस उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

अशी पत्रं एक नाही, शेकड्यांनी आहेत. कुणी घर गहाण टाकून निघतो, कुणी बैलजोडी विकतो. कुणी मोकळेपणाने लिहितो की मला धर्मग्रंथाचं ज्ञान नाही, बोलता येत नाही, पण पाठवत असाल तर जातो. नकारही आहेत, आजारपणाचे, म्हाताऱ्या आईचे, आणि ते लिहिताना हात थरथरलेला कळतो. ज्या घरातून माणूस गेला त्या घरातल्या बाईचं पत्र मात्र या नस्तीत क्वचित. बोलावणं तिला नव्हतं ना, पोच तिच्याकडून कोण मागणार! दोन-तीन वर्षं शेत, गुरं, पोरं आणि कर्ज तिने ओढलं. या चर्चने अविवाहित बायकांना रीतसर मिशनवर पाठवलं ते 1898 मध्ये, इनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या दोघी ब्रिटनला गेल्या. ते वाचलं त्या दिवशी मी वेळेआधीच उठले आणि बाहेर कारंज्यापाशी जाऊन बसले.

शेवटच्या आठवड्यात त्या बाईंशी थोडं बोलणं झालं. त्या स्वतःही मिशनवरच होत्या. नवरा-बायको दोघांनी निवृत्तीनंतर अर्ज केला होता, दीड वर्षाची मुदत, राहण्याजेवण्याचा खर्च स्वतःचा, आणि काम मिळालं ते या ग्रंथालयात. त्यांनी विचारलं, तुमच्या भाषेत या 'कॉल'ला काय म्हणता? मी म्हटलं, बोलावणं. मग सांगितलं की आमच्याकडे वारीला निघालेला माणूस म्हणतो विठ्ठलाचं बोलावणं आलं, आणि कुणी वारलं तरी म्हणतात, बोलावणं आलं. त्यांनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला. 'ण' जमेना. चिठ्ठीवर देवनागरीत लिहून मागितला आणि चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली सरकवली.

खर्चाचं सांगायचं तर ग्रंथालयाला एक डॉलरही लागला नाही. वीस फेऱ्यांचं तिकीट शंभर डॉलर (त्यात 24 जुलैची धरली आहे), दोन वह्या, पेन्सिली, आणि चष्म्याचा नंबर बदलला तो वेगळा. तुम्ही जाणार असाल तर इथूनच कॅटलॉगमधले क्रमांक उतरवून न्या, रोज एकच पेटी किंवा एकच फाइल धरा, आणि परतताना गाडीत त्याच दिवशी टिपणं वाचा. उद्यावर टाकलं की स्वतःचंच अक्षर लागत नाही. अमेरिकेला जाणं शक्य नसेल तरी अडत नाही, मी जे पाहिलं त्यातलं बरंचसं पुण्यात बसून दिसतं. चर्चचा चरित्रांचा डेटाबेसही खुला आहे, त्यात मिशनऱ्याच्या नावापुढे कुठे नेमणूक, कधी निघाला, कधी परतला अशा नोंदी असतात.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटची फेरी केली. सामान बांधायचं राहिलं होतं, सून म्हणत होती आज नका जाऊ. पण त्या शेतकऱ्याचं नाव डेटाबेसमध्ये टाकून बघायचं धाडस मला इतके दिवस झालं नव्हतं. परदेशी तापाने गेलेल्या मिशनऱ्यांच्या नोंदी मी पाहिल्या होत्या. त्या दिवशी टाकलं. निघाल्याची तारीख नोव्हेंबरातली होती, म्हणजे सुगी त्याला मिळाली. पुढे परतल्याची तारीखही होती, दोन वर्षं आणि काही महिन्यांनंतरची. मी दोन्ही तारखा वहीत उतरवल्या, वही मिटली आणि लॉकरची किल्ली परत द्यायला उठले.